उर्वशी मागं खेळते

७ जुलै

टायर कंपनीने दिलेली ही डायरी सहा महिने गल्ल्यावर कोरी पडून होती. आज लिहायला घेतली, कारण घरात कोणाशी बोलावं असं वातावरण नाही. उर्वशी जेवली नाही. आईने मुद्दाम झिंग्याची भाजी केली होती, तिच्या आवडीची. तिने ताट सरकवून दिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

उर्वशी माझ्या मोठ्या भावाची, कवडूदादाची मुलगी. दादा-वहिनी लाखांदूरकडे धानाची शेती पाहतात. पोरगी शाळेसाठी तीन वर्षांपासून इथे लाखनीला, माझ्याकडे आणि आईकडे. मी हायवेवर टायरचं दुकान चालवतो. ती दहावीला आहे आणि चाकांचे बूट घालून हॉकी खेळते. मैदान म्हणजे भैय्याजींच्या राइस मिलचं गोदाम. धान नसलं की तिथली सिमेंटची जमीन आरशासारखी असते.

पुष्कळ विचारल्यावर बोलली. "मले मागं टाकलं, काका."

"मागं म्हणजे?"

"बचावात. गोल मारणाऱ्या पोरी पुढं, अन् मी मागं चौकीदार."

मागच्या वर्षी विभागात सगळ्यात जास्त गोल हिचे. आणि आता चौकीदार? उद्या त्या अंजू मॅडमला भेटून विचारतोच.

८ जुलै

विचारून आलो. अंजू मॅडम शाळेत खेळ शिकवते, भंडाऱ्याहून स्कूटीने येते. तिशीची असेल. बोलणं शांत, पण शिट्टी वाजवली की गोदामातली कबुतरं उडतात.

"बसा जी, भाऊ," म्हणाली. बसायला एक पालथं टोपलं होतं. "तुमची उर्वशी गोल मारते, खरं हाय. पण पक हातून गेला की बाकीच्या पोरी कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. ही एकटी वळून मागं पळते. कोणी सांगतलं नाई तिले. हे शिकवून येत नाई."

पक म्हणजे ती काळी रबरी चकती, जिच्या मागे सगळा जीव जातो.

मी म्हटलं, "मंग तिनं दोन्ही करावं. पुढंही अन् मागंही."

ती हसली. "दिवाळीपर्यंत मले द्या तिले. नंतर भांडा."

मी भांडायलाच गेलो होतो. परत येताना तिच्या स्कूटीच्या चाकात हवा कमी दिसली, ती भरून आलो. म्हणजे भांडण झालंच नाही.

२७ जुलै

बचाववालीला सगळा खेळ उलटं पळत खेळावा लागतो. समोरची पोरगी पक घेऊन अंगावर येते आणि हिने तिच्याकडे तोंड ठेवूनच मागे मागे जायचं. सराव करून घ्यायला कोणी नाही म्हणून मॅडमने मला उभं केलं, चपलेवर, हातात काठी देऊन.

"पकाकडं पाहू नको," ती उर्वशीला ओरडत होती. "पक खोटं बोलते. डोळे खोटं बोलतात. छातीकडं पाहाय. माणूस जिकडं जाणार, छाती तिकडंच जाते."

मी डावीकडे दाखवून उजवीकडे गेलो. उर्वशी समोर. उजवीकडे दाखवून उजवीकडेच गेलो, तरी समोर. शेवटी मी सरळ धावत सुटलो आणि धानाच्या पोत्यांवर आपटलो. उर्वशी इतकी हसली की भिंत धरून खाली बसली. वीस दिवसांनी हसली पोरगी. गुडघा सुजलाय, पण जाऊ दे.

मॅडमने स्वतः हळद लावून पट्टी बांधली. सगळ्या पोरी पाहत होत्या. दीपमालाने उर्वशीला कोपर मारलं, का ते कळलं नाही.

दीपमाला म्हणजे आंधळगावची, हिची जिवाची मैत्रीण. इथे मामाकडे शिकते. वाऱ्यासारखी पळते. आता पुढे तीच खेळते.

१७ ऑगस्ट

नागपूरला सामना. आपण ३-१ जिंकलो. तिन्ही गोल दीपमालाचे. सगळ्यांनी तिला उचललं, फोटो काढले. उर्वशी बाजूला बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. मला फार वाईट वाटलं.

येताना एस.टी.त मॅडम माझ्या शेजारी बसली. मी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तिने मागितला. "हे पाहा. इथं एक. इथं एक. हे तिसरं." प्रत्येक वेळी समोरची पोरगी गोलकडे निघाली होती आणि उर्वशीने तिला ढकललं नाही, पाडलं नाही, फक्त हळूहळू भिंतीकडे नेलं, जसं बैलाला गोठ्याकडे नेतात. तिथे जागाच संपली. असं व्हिडिओत अकरा वेळा दिसलं. प्रत्यक्ष सामना चालू असताना एकदाही दिसलं नव्हतं.

मॅडमने डब्यातली अर्धी सांबारवडी, कोथिंबीर भरलेली, मला दिली. एक गोष्ट लक्षात आली. हल्ली ती मला भाऊ म्हणत नाही. "अहो" म्हणते, नाहीतर काहीच म्हणत नाही. त्या दिवशीचं भांडण अजून मनात ठेवलं असावं.

१४ सप्टेंबर

मोठी बातमी. राज्याच्या ज्युनिअर मुलींच्या आइस हॉकी संघात आपल्या दोन पोरी. दीपमाला पुढे, उर्वशी मागे. चाकांवर खेळणाऱ्या पोरीच घेतात, कारण आपल्याकडे बर्फ कुठे? डिसेंबरात देहरादूनला बर्फाच्या बंद मैदानात सराव शिबिर आणि लगेच स्पर्धा. पालक म्हणून एकाने सोबत जायचं, आणि अंजू मॅडम सहायक प्रशिक्षक म्हणून असणारच.

उर्वशीने विचारलं, "काका, बर्फ म्हणजे गोळेवाल्याजवळचा का?"

मी म्हटलं, "हाव, तसाच. पण लंबा."

दोघांनीही पाहिलेला नाही.

२१ सप्टेंबर

कवडूदादा आला होता. मला माहीत होतं, नाही म्हणणार. फेब्रुवारीत दहावीची परीक्षा.

"बर्फावर कायले जाते पोट्टी? पास कोण होईन?"

मी गोलांबद्दल सांगायला लागलो, मागच्या वर्षीच्या. दादाने मला थांबवलं आणि उर्वशीकडे वळला. "तू मारते का गोल?"

"नाई बाबा. आता मी मारू देत नाई."

दादा पान चावत राहिला. मग म्हणाला, "मी धानात मचाणावर बसतो. डुक्कर येऊन नासधूस केली त सारं गाव पाहाले येते. डुक्कर नाई आला त कोणी येते का विचाराले, कवडू, रातभर काय केलं म्हणून?"

"नाई येत," उर्वशी म्हणाली.

"मंग जाय. पुस्तकं नेजो संगं."

इतक्यात झालं. मी तयार केलेलं भाषण तसंच राहिलं. दादाला खेळातलं काही समजत नाही, पण बापाचं मन आहे, पाघळलं.

२५ ऑक्टोबर

अंजू मॅडम दिवाळीचा चिवडा घेऊन घरी आली. आईने तिला दोन तास बसवून ठेवलं. भाऊ किती, बहिणी किती, वडील काय करतात, स्वयंपाकात काय काय येते. मी मधे बोलणारच होतो की खेळाच्या शिक्षिकेला स्वयंपाकाचं कशाला विचारते, पण ट्रकवाला आला आणि दुकानात जावं लागलं.

रात्री आई म्हणाली, "तुले काईच दिसत नाई का रे भुपेंद्र?"

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर मागच्याच वर्षी काढला. ती कपाळाला हात लावून झोपायला गेली.

७ डिसेंबर, देहरादून

बर्फ पाहिला. एवढं मोठं दालन, आणि जमीन पांढरी, निळसर. आत तोंडातून वाफ निघते, बाहेर येऊन ऊन खावं लागतं.

चाकांच्या जागी पोलादी पातं. उर्वशी आत उतरली आणि तिसऱ्या पावलाला आपटली. उठली, आपटली. सिमेंटवर बूट वळवला की थांबता येतं, इथे पातं आडवं घासावं लागतं. मुंबई-पुण्याच्या काही पोरी बर्फावर आधी खेळलेल्या. आमच्या दोघी म्हशीच्या पारड्यासारख्या.

संध्याकाळपर्यंत दीपमाला उडायला लागली. उर्वशी मात्र पुढे जाताना पडत होती आणि मागे जाताना पडत नव्हती. गोलकीपर पुण्याची आहे, सई नावाची, तोंडाची टकळी थांबत नाही. ती म्हणाली, "काका, ही उलटीच जन्माला आली का?"

११ डिसेंबर

आजचं लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

सरावात दोन पोरी विरुद्ध एक असा प्रकार होता. दीपमाला पक घेऊन वेगात आली. तिने डावीकडे दाखवलं, उर्वशी फसली नाही, उजवीकडे तिच्या समोर गेली. सिमेंट असतं तर थांबली असती. इथे पातं सरकलं. दोघी एकमेकींवर आदळल्या, दीपमाला मैदानाभोवतीच्या फळीवर गेली आणि हात अंगाखाली आला. कडकन झालेला आवाज मी वरच्या पायऱ्यांवर ऐकला.

मनगट मोडलं. प्लास्टर लागलं. तिची स्पर्धा संपली, खेळायच्या आधीच.

डॉक्टरकडून येताना दीपमाला गाडीत एवढंच म्हणाली, "तुलेच मालूम होतं मी इकडून येणार. दुसरं कोणी असतं त गेली असती मी." मॅडमने दीपमालाला घरी पाठवायची तयारी केली, तर ती म्हणाली, नाही जाणार, बाकावर बसेन. पण उर्वशीबरोबरची खोली बदलून घेतली.

चूक कोणाची नाही, असं सगळे म्हणाले. मी उर्वशीला जवळ घेऊन समजावलं, "झालं ते झालं, बेटा. आता जपून खेळजो. पुन्हा कोणाले धक्का लागू देऊ नको." तिने मान हलवली. थोडा हलका झालो. समजावणं जमलं.

१३ डिसेंबर

लडाखविरुद्ध ०-७.

त्या पोरी बर्फावरच वाढलेल्या, हरणं ठरलेलंच. पण उर्वशीला काय झालं? समोरची आली की ही बाजूला होते, जसं अरुंद वाटेवर गाडीला जागा द्यावी. चार गोल तर हिच्या बाजूने. गोलमधून ओरडून ओरडून सईचा घसा बसला.

थकली असेल. तिला तिळाचे लाडू दिले, मीठ-साखरेचं पाणी दिलं. मग वाटलं पात्याला धार नाही, ती लावून आणली. काही फरक नाही.

मी मॅडमला म्हटलं, "उद्या तिले बसवा. तब्येत बरी नाई तिची."

"तब्येत बरी हाय तिची." मग तिने विचारलं, "त्या दिवशी तुम्ही तिले काय बोलले?"

मी सांगितलं, शब्दन् शब्द. जपून खेळ, कोणाला धक्का लागू देऊ नको.

मॅडमने डोळे मिटले. रागावली नाही. "तुमचं मन चांगलं हाय जी," म्हणाली, "पण आता तुम्ही थोडे दिवस काई बोलू नका."

१४ डिसेंबर

सामना नव्हता. उर्वशी दिवसभर भूगोलाचं पुस्तक उघडून बसली. तेच पान. मी काही बोललो नाही, सांगितलं होतं म्हणून. कवडूदादाचा फोन आला. तिने विचारलं, "बाबा, धान कापाले लोकं भेटले का?" दादाने तिकडून काहीबाही विचारलं असणार. ही म्हणाली, "मी चांगली हाय," आणि फोन माझ्या हातात दिला.

दादा मला म्हणाला, "पोट्टी खोटं बोलून राहिली. तू पाहाय तिच्याकडं."

मी पाहतोच आहे. पण पाहून काय करू?

रात्री पाणी प्यायला उठलो तर उर्वशी पोरींच्या खोल्यांसमोरच्या बोळात दिसली. दीपमालाच्या खोलीच्या दाराबाहेर उभी होती. हात वर केला, खाली घेतला, परत आपल्या खोलीत गेली.

१५ डिसेंबर

आज काय झालं ते नीट लिहून ठेवतो.

दिल्लीविरुद्ध सामना. पहिल्या भागात पुन्हा तेच. दिल्लीची उंच पोरगी आली, उर्वशी बाजूला झाली, गोल. दुसऱ्यांदा आली, पुन्हा गोल. संघाच्या मोठ्या प्रशिक्षकांनी तिला बाहेर बोलावण्यासाठी हात वर केला.

तेवढ्यात बाकावरून दीपमाला उठली. प्लास्टरचा हात गळ्यात, अंगावर तीन शाली. फळीवर दुसरा हात आपटून ओरडली, आणि ओरडली ती आपल्या बोलीत, सगळं मैदान वळून पाहायला लागलं.

"ये पोट्टे! बाजूले काहून होऊन राहिली? मले त सोडलं नाई तू! अन् हिले सोडते? ही का तुही मावशी होय?"

उर्वशी बर्फावर उभीच राहिली.

"माहा हात फुकट तोडला का? अडव तिले!"

शिट्टी झाली. उंच पोरगी पुन्हा आली. उर्वशी मागे सरकली, सरकत राहिली, नजर तिच्या छातीवर. पोरीने खांदा एकीकडे टाकला, काठी दुसरीकडे. उर्वशीला काही फरक पडला नाही. अलगद तिला फळीकडे नेलं, पक काढून घेतला आणि पुढे दिला. धक्का नाही, काही नाही. मी पायऱ्यांवर उभा राहून इतका ओरडलो की शेजारच्या लोकांनी जागा बदलली.

पुढच्या पोरींनी दोन्ही गोल फेडले, २-२ झालं. बरोबरी.

सामना संपल्यावर वाटलं, दोघी गळ्यात पडतील. नाही पडल्या. दीपमाला शाली सावरत सरळ गाडीत जाऊन बसली. उर्वशी तिच्या मागच्या सीटवर. गाडी वळली तेव्हा उर्वशीने पुढे हात करून तिचं प्लास्टर धरलं, खिडकीवर आपटू नये म्हणून. हॉटेलपर्यंत धरूनच होती.

१७ डिसेंबर

शेवटचा सामना, हिमाचलशी, तिसऱ्या क्रमांकासाठी. दुसऱ्या भागात मुंबईच्या एका पोरीने आपला एकमेव गोल केला. मग शेवटचा पूर्ण भाग तो गोल राखायचा होता.

आणि या भागाबद्दल मला काय लिहावं ते कळत नाही. मी पापणी न मिटता पाहिला. हिमाचलच्या पोरी पुन्हा पुन्हा आल्या. उर्वशी मागे मागे जात राहिली. बाकावरून दीपमालाचं चालू होतं, "डावी! तुह्या डावीकडं दुसरी हाय! अठी ये, अठी!" 'अठी' म्हणजे इथे, हेसुद्धा बाकी कोणाला समजत नव्हतं, समोरच्यांना तर नाहीच. एकदा दोघी मिळून आल्या. उर्वशी दोघींच्या मधे अशी राहिली की पक इकडून तिकडे देता येईना. तिसरी आली तिला फळीच मिळाली. एकदा उर्वशी पडली, आणि पडल्या पडल्या काठी आडवी टाकून पक थांबवला. घड्याळ संपलं.

१-०. तिसरे आलो. पदक मिळालं, पितळेच्या रंगाचं.

सगळ्या जणी आत आल्या. सई सगळ्यात शेवटी, ओठ निळे, दात वाजताहेत. "काका, चहा द्या आधी. शेवटच्या भागात माझ्याकडे एक पक आला नाही. उभी राहून राहून गारठले मी!"

उर्वशी घाबरून म्हणाली, "सॉरी ना ताई."

आधी सई हसली, मग सगळ्याच. दीपमालाही हसली, शाल तोंडाशी धरून, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते थांबेना.

अंजू मॅडम दाराशी उभी राहून डोळे पुसत होती. मी विचारलं, सर्दी झाली का, आल्याचा चहा आणू का? ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. "आणा," म्हणाली. "दोन कप आणा. अन् माझ्याजवळ बसून प्या." म्हणून दोन आणले. आता मलाही सर्दी होणार.

चहा घेऊन आलो तेव्हा बाकी पोरी फोटोसाठी बाहेर गेल्या होत्या. उर्वशी बाकावर बसली होती, बोटं बधिर, नाड्या ओल्या होऊन घट्ट बसलेल्या. दीपमाला तिच्यासमोर खाली बसली. तिचा बूट मांडीवर घेतला आणि चांगल्या हाताने गाठ ओढायला लागली. एका हाताने गाठ कुठे सुटते?

"थांब, माझी मी सोडते," उर्वशी म्हणाली.

"चूप बस. तू एक टोक धर."

उर्वशीने एक टोक धरलं, दीपमालाने दुसरं.